मुलांसह बोर्निओचं जंगल: सेपिलोक आणि किनाबातांगान

बोर्निओ बेटावरच्या, मलेशियातल्या सबा राज्यात मुलांना घेऊन जाणार असाल तर संदाकानजवळचं सेपिलोक ओरांगउटान पुनर्वसन केंद्र बघाच. १९६४ पासून इथे अनाथ पिल्लांना पुन्हा जंगलात जगायला शिकवलं जातं. सकाळी १० आणि दुपारी ३ वाजता फळं ठेवतात, तेव्हा मचाणासमोर बरीच गर्दी होते. आम्ही जास्त रमलो ते काचेआडच्या नर्सरीत. एक पिल्लू दोरीला पायाने लोंबकळत हातातलं फळ सोलत होतं, धाकटी काचेपासून हलेना! शेजारीच सन बेअर अस्वलांचं केंद्र आहे, तेही चुकवू नका.

पण खरं जंगल भेटतं ते किनाबातांगान नदीवर. संध्याकाळच्या बोटफेरीत लांब नाकाची प्रोबोसिस माकडं काठच्या झाडांवर मुक्कामाला येतात. ही फक्त बोर्निओतच आढळतात. एक थोराड नर फांदीवर बसला होता, तोंडावर लोंबणारं नाक हाताने बाजूला सारून पाला खात. धनेश तर डोक्यावरून पंखांचा सूं सूं आवाज करत जातात.

वाटेत मैलोन् मैल, जंगल तोडून लावलेल्या पामतेलाच्या बागा लागतात. प्राणी नदीकाठच्या पट्ट्यात का दाटलेत, हे मुलांना तिथेच सांगा.

एक तक्रार आहे. आमच्या लॉजकडे लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट नव्हती. मगरी असलेल्या नदीत हे अजिबात चालणार नाही, बुकिंगआधीच विचारून घ्या. जळवांसाठी लांब मोजेही सोबत ठेवा.