'गंधकाचे जिवाणू' सांगून आंबट पाणी विकलं जातंय

सोयाबीन पिवळं पडायला लागलं की आमच्या जिंतूर तालुक्यात औषधवाल्यांच्या चकरा सुरू होतात. यंदा एक जण 'गंधक जिवाणू' लिहिलेल्या बाटल्या घेऊन आला, लिटरला 1,200 रुपये. आमच्याच रानातली चुनखडीची माती वाटीत घेऊन त्यानं वरून बाटलीतलं पाणी ओतलं. माती फसफसली. "बघा दादा, जिवाणू कामाला लागले. एका पाण्यात मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-विम्लतेचा आकडा) साडेआठवरून सातवर येतो. गंधक टाकायचं कामच नाही, हे हवेतून ओढतेत." गावानं बाटल्या घेतल्या, आम्हीही घेतल्या. पावती साध्या कागदावर मिळाली. पीक होतं तसंच राहिलं.

ती फसफस जिवाणूंची नव्हतीच. चुनखडीवर कुठलंही आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. त्याच मातीवर घरी लिंबू पिळलं, तर तसाच फेस आला.

जास्त संताप याचा येतो की असे जिवाणू खरोखर आहेत. वाक्समन आणि जोफे या शास्त्रज्ञांनी 1922 मध्येच मातीतल्या 'थायोबॅसिलस थायोऑक्सिडन्स'चं वर्णन केलं आहे. गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल करताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावरच तो जगतो. पिकाला लागणारं सल्फेट त्यातूनच मिळतं. म्हणजे गंधक हे त्याचं खाद्य. रानात गंधकच नसेल तर तो उपाशी राहणार, हवेतून गंधक आणणार नाही. हवेतून नत्र घेणारा रायझोबियम वेगळा; त्याची ओळख शेतकऱ्याला आहे, म्हणूनच ही थाप खपते. आणि हे काम वाटीत क्षणात होत नाही. ओल आणि ऊब असली तरी काही आठवडे जातात.

सामूचा हिशेब तर मांडूनच बघा. एकरात वरच्या अर्ध्या फुटात सुमारे 9 लाख किलो माती असते. तिच्यात 5 टक्के चुनखडी धरली तरी ती झाली 45,000 किलो, आणि ती विरल्याशिवाय सामू सातवर येत नाही. एक किलो गंधकाच्या आम्लानं जेमतेम तीन किलो चुनखडी विरते. म्हणजे एकरी 15 टन गंधक लागेल, आणि हा गडी लिटरभर पाण्यात ते करून देतो म्हणे! सोयाबीनला खत म्हणून एकरी 8 ते 12 किलो गंधक पेरणीच्या वेळी देतात, ते सामू उतरवायला नव्हे.

शिवाय चुनखडीच्या रानात कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुतेक वेळा कमतरता लोहाची असते. आधी माती तपासून घ्या.

बाटलीवर जिवाणूचं नाव, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना बघा. पक्कं बिल मागा. नाही म्हणाला तर त्याला परत पाठवा आणि तालुका कृषी कार्यालयाला कळवा. आमची तक्रार बाटलीसकट तिथं दिली आहे. हा माणूस आता वसमतकडे हळदवाल्यांना तीच वाटी दाखवत फिरतोय असं कळलं, तिकडच्या पाहुण्यांना आजच फोन करा.