'एकदाच डागलेल्या' पुंगळ्यांच्या पोत्यात काय काय निघालं

रिकाम्या काडतुसांचं एक पोतं मी घेतलं. जाहिरातीत लिहिलं होतं: एकदाच डागलेल्या, निवडलेल्या, धुतलेल्या, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) काढलेल्या पुंगळ्या. यातली शेवटची दोन विशेषणं बहुतांशी खरी निघाली. पहिली दोन साफ खोटी होती, आणि ती खोटी आहेत हे कळू नये म्हणूनच शेवटच्या दोघांवर एवढी मेहनत घेतलेली होती. असा माल घ्यायच्या विचारात कोणी असेल तर पुढचं वाचून मग पैसे द्या.

कायद्याने जिथे रीलोडिंग, म्हणजे रिकामी पुंगळी पुन्हा भरून वापरणं, करू देतात तिथे परवानाधारक नेमबाज सरावासाठी ते करतात, कारण काडतुसाचा पुन्हा वापरता येणारा भाग एकच, पितळेची पुंगळी. सुमारे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेलं हे पितळ गोळी सुटताना फुगतं, चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसतं त्या कप्प्याच्या) भिंतीला चिकटून वायू अडवतं आणि लगेच आकसतं. पण प्रत्येक फुगण्याला आणि नंतर डाय नावाच्या साच्यातून दाबून मापात आणण्याला ते थोडं कडक होतं, थोडं ताणलं जातं. म्हणून पुंगळी विकत घेताना आपण धातूपेक्षा तिचा इतिहास विकत घेत असतो. एकदा डागलेली आणि सहादा डागलेली पुंगळी वजनाला सारखीच भरते.

पोत्यात दोन पिशव्या होत्या. एक ९ एमएम पिस्तुलाची, दुसरी ५.५६ रायफलची. विक्रेत्याने आधी नमुना म्हणून मूठभर पाठवल्या होत्या, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. दोन्ही पिशव्यांचा वरचा थरही तसाच. मी पिशवी वरून हात घालून तपासत नाही, चादरीवर पूर्ण उपडी करतो, आणि सील फोडण्यापासून सगळं मोबाइलवर चित्रित करतो. पुढे तेच उपयोगी पडलं.

पिस्तुलाच्या ढिगावरून लोहचुंबक फिरवलं आणि पितळ म्हणून आलेल्या पुंगळ्या टपाटप उचलल्या गेल्या. पितळ चुंबकाला लागत नाही. हे पोलाद होतं, वरून पितळेचा मुलामा दिलेलं. धुवून चकचकीत केल्यावर नुसत्या नजरेला फरक कळणं अशक्य. ॲल्युमिनियमच्या पुंगळ्या चुंबकाला सापडत नाहीत, त्या हाताला हलक्या लागतात आणि त्यांचा रंग मेलेला राखाडी असतो. त्यांना निकेल चढवलेल्या पितळी पुंगळ्यांत धरू नका. निकेलच्या चांगल्या असतात, फक्त रंगाने चांदीसारख्या.

मग लांबी. ९ एमएमची पुंगळी १९.१५ मिमी, ३८० ऑटो या दुसऱ्या पिस्तूल-काडतुसाची १७.३, मकारोव्ह या तिसऱ्याची १८.१. ढिगात तिन्ही होत्या. मकारोव्ह जास्त त्रासदायक, कारण फरक जेमतेम एका मिलिमीटरचा आणि तिची गोळी ९ एमएमच्या गोळीपेक्षा जाड असते. कॅलिपर हातात नसेल तर डोळा हमखास फसतो. रीलोडिंगच्या प्रेसवर भराभर काम करणाऱ्याला ३८० लक्षात येते ती गोळी आत सैल पडते तेव्हा. आली नाही लक्षात, तर पुढचं सांगायची गरज नाही. दोन्ही काडतुसांच्या दाबाच्या अमेरिकी मर्यादाच पाहा: ३८० साठी २१,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), ९ एमएम साठी ३५,०००.

इथवरचं सगळं 'नजरचुकीने आलं' या सदरात बसतं, हे मी मान्य करतो. नेमबाजीच्या रेंजवर जमिनीवरून गोळा केलेल्या मालात ३८० येतेच. .२२ सुद्धा येते, आणि ती तर रीलोड करताच येत नाही, कारण तिची पेटणारी भुकटी बुडाच्या कडेतच भरलेली असते. शिवाय .२२ नऊ एमएममध्ये, नऊ .४० मध्ये, .४० पंचेचाळीसमध्ये अशी उतरंडीसारखी एकात एक जाऊन बसते, आणि तशीच धुतली की आतली तिथेच अडकून राहते. एवढ्यावरून विक्रेत्याला मी आळशी म्हणेन, लबाड म्हणणार नाही.

लबाडी कळली ती प्रायमरमुळे.

प्रायमर दोन जातींचे. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं. त्यातून पिन घातली की वापरलेला प्रायमर बाहेर पडतो. बर्डन पद्धतीत मध्याला भोकच नसतं. मध्यावर पितळेचाच छोटा उंचवटा असतो आणि बाजूला सहसा दोन बारीक भोकं. तिथे नेहमीची पिन घातली तर ती वाकते किंवा मोडते. (गंमत म्हणजे बॉक्सर इंग्रज अधिकारी होता आणि बर्डन अमेरिकी, पण अमेरिकेत चालतो तो बॉक्सरचा प्रायमर.) घरगुती रीलोडिंगच्या दृष्टीने बर्डन पुंगळी जवळजवळ निरुपयोगी.

आता माझा ढीग पाहा. जाहिरातीप्रमाणे सगळ्या पुंगळ्यांचे प्रायमर काढलेले हवेत, आणि बहुतेकांचे होतेही. राहिलेल्यांत प्रायमर जागच्या जागी होता. त्या मी वेगळ्या केल्या आणि टॉर्च लावून आत पाहिलं. सगळ्या बर्डन. बऱ्याच जणींच्या आत, दोन भोकांच्या मधल्या जागेवर, पिन आपटल्याचा ताजा ठिपका. म्हणजे या पुंगळ्या विक्रेत्याच्या यंत्रावर चढल्या होत्या, पिन अडली होती, त्याने त्या हाताने बाजूला काढल्या होत्या. आणि बाजूला काढलेल्या पुंगळ्या पिशवीत आपण होऊन उडी मारत नाहीत. त्या वजन भरायला परत टाकल्या होत्या, आणि पिशवीच्या तळाला टाकल्या होत्या.

तळाशीच एक न फुटलेलं .२२ चं काडतूसही सापडलं, कडेवर फायरिंग पिनचा ओरखडा असलेलं, गोळीसकट. धुण्याच्या आणि प्रायमर काढण्याच्या यंत्रातून गेलेल्या मालात जिवंत काडतूस येतं कसं? नंतर मिसळलं तरच. असं काही सापडलं तर ते टम्बलरमध्ये (पुंगळ्या घासायच्या फिरत्या डब्यात), पक्कडीत किंवा भंगारात जाऊ देऊ नका. वेगळं ठेवून रेंजच्या जबाबदार माणसाच्या ताब्यात द्या.

वजनाचं म्हणाल तर ९ एमएमच्या पुंगळ्या किलोला साधारण २५० भरतात. माझ्या पिशवीत बऱ्याच कमी भरल्या. घासण्यासाठी वापरतात तो मक्याच्या कणसाचा भुसा कित्येक पुंगळ्यांत ठासून राहिला होता, आणि जड .४० ही घुसडल्या होत्या.

पण पिस्तुलाच्या पिशवीत गेले ते नुसते पैसे. रायफलच्या पिशवीत जिवाशी खेळ होता, आणि ती दिसायला अगदी देखणी होती.

विक्रेत्याचं म्हणणं असं की हा माल लष्करी सराव-रेंजचा, एकाच लॉटचा, एकदाच डागलेला. नाटो प्रमाणाच्या पुंगळीच्या बुडावर वर्तुळात फुलीची खूण असते आणि बहुधा वर्षाचे दोन आकडे. माझ्या ढिगातले आकडे वेगवेगळ्या दशकांचे होते. काहींवर तर नागरी कारखान्याचे शिक्के. 'एकच लॉट' हे तिथेच निकालात निघालं.

'एकदाच' खोटं ठरवायला आणखी बारकाईने पाहावं लागलं. लष्करी काडतुसात प्रायमर हलू नये म्हणून त्याच्याभोवतीचं पितळ दाबून बसवतात, त्याला क्रिंप म्हणतात. पहिल्यांदा प्रायमर काढला की ही कड शिल्लक राहते. नवीन प्रायमर बसवायचा तर ती आधी काढावी लागते, कोणी कातून काढतं, कोणी दाबून गोल करतं. ज्या पुंगळीची क्रिंप शाबूत तिच्यात कारखान्यानंतर दुसरा प्रायमर बसलेला नाही, याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. माझ्या ढिगात निम्म्याहून जास्त पुंगळ्यांची क्रिंप गेलेली होती, आणि एकाच तऱ्हेने नाही. काही खोल कातलेल्या, काही दाबलेल्या, काही चाकूने खरवडल्यासारख्या ओबडधोबड. हे एका माणसाचं काम नव्हे. तोंडाच्या कडाही बोलत होत्या. लांबलेली पुंगळी कापून परत मापात आणली की तोंड सपाट होतं आणि आतबाहेर तिरपी धार दिली जाते. एकदाच डागलेल्या पुंगळीला कोणी कशाला कापेल?

मग मी ताठ तारेचं टोक काटकोनात वाकवून घेतलं आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढत नेलं. बुडाच्या जरा वर काही पुंगळ्यांत तार चक्क अडत होती. तिथे आतून खाच पडलेली असते. वारंवार ताणून पितळ तिथे पातळ होतं, आणि पुढच्या एखाद्या वेळी पुंगळीचे दोन तुकडे होऊन बूड निघून येतं. यातली एक करवतीने उभी चिरली तेव्हा ती रेघ उघड दिसली. बाहेरून कधी कधी त्या जागी फिकट चकचकीत कडं दिसतं, पण पॉलिशने ते घालवलेलं होतं. .२२३ ची, म्हणजे ५.५६ च्या नागरी भावंडाची, अमेरिकी मर्यादा ५५,००० पीएसआय आहे. तेवढ्या दाबाचा वायू चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर नको त्या वाटेने सुटला तर काय होईल ते ज्याने त्याने समजून घ्यावं. काही पुंगळ्यांत प्रायमरची जागा इतकी सैल होती की नवा प्रायमर अंगठ्याने बसला.

म्हणजे दुसऱ्या रीलोडर लोकांनी वापरून, आयुष्य संपलं म्हणून भंगारात टाकलेल्या पुंगळ्या याने गोळा केल्या होत्या, घासल्या होत्या आणि 'एकदाच डागलेल्या' म्हणून विकल्या होत्या.

घासल्या कशाने, हे पिशवी उघडताच नाकाला समजलं. अमोनियाचा उग्र दर्प, आणि प्रायमरच्या खळग्यांत पॉलिशचा पांढरा साका. घरच्या समईला चालणारं हे पॉलिश पुंगळीला चालत नाही. याची जुनी कथा भारतातलीच आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना इथे पावसाळ्यात आपोआप चिरा पडत. साठा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेला असे. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा मिळून, गोळीभोवती आवळून बसवलेलं ताणाखालचं पितळ तडकत असे. पावसाळी ऋतूत व्हायचं म्हणून त्याला 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं, आणि अमोनियाचा त्यातला हात १९२१ साली नीट उलगडला. वारंवार वापरून ताण साठलेल्या पितळेला अमोनिया चोळणं म्हणजे तेच पुन्हा करणं. माझ्या ढिगात मानेला उभी चीर गेलेल्या पुंगळ्या होत्याच.

विक्रेत्याला फोटो आणि चित्रफीत पाठवली. पहिलं उत्तर, "रेंजचा माल म्हटल्यावर थोडं इकडेतिकडे होणारच." मी म्हटलं, मग 'निवडलेल्या' असं का लिहिलंत? त्यावर, चुंबकाला लागलेल्यांचं वजन कापून देतो म्हणाला. बर्डनवरचे पिनचे ठिपके दाखवले तेव्हा म्हणाला, "त्या तुम्हीच मिसळल्या असतील." सील फोडल्यापासूनची चित्रफीत असल्याने हे फार टिकलं नाही आणि पिस्तुलाच्या पिशवीचे पैसे परत आले. रायफलच्या पिशवीचे आले नाहीत. का, तर "सगळ्या ५.५६ च आहेत, पितळेच्याच आहेत, तक्रार कसली?" पोलादाचा तुकडा त्याला दोष वाटतो, आतून फाटत आलेली पुंगळी वाटत नाही.

तेव्हापासून मी प्रायमर काढलेलं, चकाकणारं पितळ अनोळखी माणसाकडून घेत नाही. काजळी धरलेलं, प्रायमर आत असलेलं, चिखलाने माखलेलं घेतो. वापरलेल्या प्रायमरवरची खूण, त्याभोवतीची क्रिंप, लष्करी पुंगळीच्या मानेवरचा तापवल्याचा निळसर-तपकिरी पट्टा, हे सगळं घासण्यात पुसलं जातं, आणि पुसायची घाई नेमकी कोणाला असते ते वर आलंच आहे. धुवायला मला एक संध्याकाळ लागते. 'यंत्रातून काढून तयार' या सोयीसाठी लोक जास्त पैसे मोजतात याचं मला आता नवल वाटतं. नमुना मागायचा तर पिशवीच्या तळातून मागा आणि त्याने तो काढतानाच चित्रण करायला सांगा. खरा विक्रेता कुरकुरेल, पण करेल. फक्त मळका माल हाताळताना एक पथ्य: प्रायमरच्या राखेत शिसं असतं. हातमोजे घाला, कोरडा माल घरात चाळू नका, ओला करूनच धुवा, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका.

रायफलच्या पिशवीतल्या शाबूत क्रिंपच्या, तारेच्या परीक्षेत पास झालेल्या आणि मानेला चीर नसलेल्या पुंगळ्याही मी ठेवल्या नाहीत, कारण अमोनियाने आत काय केलंय ते तार सांगत नाही. सगळ्या भंगारात दिल्या. देण्याआधी एकेकीचं तोंड पक्कडीने चेपून सपाट केलं. वेळ गेला, बोटं दुखली, पण त्यातली एकही आता कोणाच्या 'निवडलेल्या' पिशवीत जाणार नाही.