प्लेबिल घ्यावं की प्रोग्रॅम?

इंग्लंडमधल्या रीडिंग गावी राहायला आल्यापासून मी जुन्या ब्रिटिश नाटकांचे कागद जमवतो. हे इथल्या मराठी मंडळींना आता ठाऊक झालंय. त्यामुळे गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत हमखास कोणीतरी गाठतं आणि विचारतं, "सुरुवात कशाने करू? प्लेबिल घेऊ की प्रोग्रॅम?" गेल्या खेपेला विचारणाऱ्याने कारणही दिलं होतं: वेस्ट एंडची, म्हणजे लंडनच्या मोठ्या नाट्यगृहांची तिकिटं परवडत नाहीत, निदान कागद तरी जमवतो. दोन्हींवर माझे पैसे गेलेले आहेत, एकावर जरा वायाच गेले. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

प्लेबिल म्हणजे इथे एकोणिसाव्या शतकातलं, एकाच बाजूने छापलेलं लांबोडकं पत्रक. अमेरिकेतलं त्या नावाचं मासिक नव्हे. आणि प्रोग्रॅम म्हणजे साधारण १९२० ते १९७० च्या दरम्यानची, थिएटरात विकत मिळणारी पिना मारलेली पुस्तिका.

पहिल्या नजरेत प्लेबिलच जिंकतं, यात वाद नाही. प्रत्येक ओळीचा टाइप वेगळा, नटाच्या नावाचा आकार त्याच्या भावानुसार, आणि एका रात्रीचा सगळा बेत एकाच कागदावर: मुख्य नाटक, मधे एखादं गाणं किंवा नाच, शेवटी फार्स. खाली बॉक्स, पिट, गॅलरीचे दर आणि उशिरा येणाऱ्यांसाठी अर्ध्या दराची सोय. आपल्या नाटक कंपन्यांची जुनी हँडबिलं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा थाट परका वाटणार नाही. माझ्याकडे १८४३ सालचं एक लंडनचं प्लेबिल आहे. बोलक्या नाटकांवरची ड्रुरी लेन आणि कोव्हेंट गार्डन या लंडनच्या दोन थिएटरांची जुनी मक्तेदारी त्याच वर्षीच्या कायद्याने संपली, आणि त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भावे ‘सीतास्वयंवर’ उभं करत होते. या योगायोगापायीच मी ते घेतलं, हे कबूल करतो.

कागदाच्या बाबतीत नवख्यांचा अंदाज उलटा असतो. दोनशे वर्षांचा कागद म्हणजे हात लावताच भुगा होईल, असं वाटतं. प्रत्यक्षात त्या काळचा कागद चिंध्यांपासून केलेला असायचा. पातळ असला तरी चिवट. लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास वापरात आला आणि तिथपासून पिवळेपणा, तुकडे पडणं हे भोग सुरू झाले. माझ्याकडचा १९४० च्या दशकातला एक प्रोग्रॅम १८२० च्या सुमाराच्या प्लेबिलापेक्षा कितीतरी म्हातारा दिसतो. त्यात प्रोग्रॅमच्या पिना गंजतात आणि मधल्या पानांवर तपकिरी डाग सोडतात. टिकण्याचा गुण प्लेबिलाला द्यावा लागेल.

तारखेची गंमत मात्र दोन्हीकडे आहे. बऱ्याच प्लेबिलांवर वार आणि तारीख असते, वर्षच नसतं. ज्याला ते वाचायचं होतं त्याला आज कोणतं साल चाललंय हे माहीत होतं, बिचाऱ्या छापणाऱ्याचा काय दोष! समजा पत्रकावर ‘बुधवार, २६ जानेवारी’ एवढंच आहे. ते १८१४ चं असू शकतं, १८२० चं किंवा १८२५ चंही. १८१४ च्या २६ जानेवारीला एडमंड कीन हा गाजलेला नट ड्रुरी लेनच्या रंगमंचावर पहिल्यांदा शेक्सपिअरचा शायलॉक म्हणून उभा राहिला, तेव्हा कोणतं साल ठरतं त्यावर किंमत किती फिरत असेल याची कल्पना करा. मग नटांच्या नावांवरून ताळा जमवायचा. कोडी सोडवायची हौस असेल तर हिवाळ्यातल्या दोन संध्याकाळी छान जातात.

प्रोग्रॅमवर अनेकदा तारीखच नसते. नाटक महिनोन्‌महिने चालायचं, तोच मजकूर पुन्हा पुन्हा छापायचे. अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ १९५२ च्या नोव्हेंबरात अँबॅसडर्स थिएटरात सुरू झालं आणि १९७४ च्या मार्चमध्ये शेजारच्या सेंट मार्टिन्समध्ये गेलं. म्हणजे अँबॅसडर्सचं नाव असलेला बिनतारखेचा प्रोग्रॅम मधल्या एकवीस वर्षांतला कुठलाही असू शकतो. मग नटसंच बघायचा. रिचर्ड अॅटनबरो आणि शीला सिम ही नावं असतील तर सुरुवातीच्या काळातला. किंमत पेनींच्या जुन्या चिन्हात, म्हणजे ‘d’ लावून छापली असेल, तर १९७१ च्या फेब्रुवारीत दशमान चलन येण्याआधीचा. ‘लॉर्ड चेंबरलेनच्या आदेशानुसार’ (हे राजदरबारातले एक बडे अधिकारी) अशी सुरुवात करून, खेळ संपल्यावर सगळ्या दारांनी बाहेर पडता येईल आणि अग्निरोधक पडदा प्रत्येक खेळाला प्रेक्षकांदेखत खाली-वर केला जाईल, अशा सूचना असतील, तर बहुधा १९६८ पूर्वीचा. त्या साली या गृहस्थांची नाटकांवरची सेन्सॉरशिप उठली. विकणारे मात्र प्रत्येक बिनतारखेच्या प्रोग्रॅमला ‘पहिल्या खेळाचा’ म्हणतात. तो शब्द ऐकला की मी खाली ठेवतो.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला, ती सांगतो. इतरांना ती क्षुल्लक वाटेल.

प्लेबिल बघता येत नाही.

म्हणजे असं. मोठं प्लेबिल हातभर लांब, आणि बहुतेक वेळा कधीकाळी घडी घालून कोणाच्या तरी खिशातून घरी गेलेलं. त्या घडीवर कागद दुबळा झालेला असतो. उघडायचं तर आधी जेवणाचं टेबल पूर्ण रिकामं करायचं, पुसायचं, कोरडं करायचं. मग एकाने वरची कड धरायची, दुसऱ्याने खालची. माझी बायको पहिल्या वर्षी उत्साहाने खालची कड धरायची. दुसऱ्या वर्षी "आत्ता? कणीक मळतेय मी," असं उत्तर यायला लागलं, आणि तिचं बरोबरच होतं. पाहुण्यांना दाखवायचं म्हटलं की आधी त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावा लागतो. परिणाम असा की माझी अकरा प्लेबिलं पलंगाखालच्या सपाट खोक्यात पडून राहिली, आणि एकदा तर सलग चौदा महिने मी ती पाहिलीच नाहीत.

फ्रेम करून भिंतीवर लावा, असं सगळे सुचवतात. मीही तेच केलं. फ्रेमवाल्याने कागद सुरकुतू नये म्हणून तो अख्खा पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवून दिला. काम अगदी नीटनेटकं होतं, माणूसही प्रेमळ. फक्त तो कागद आता जन्मभरासाठी पुठ्ठ्याचा झाला आहे, आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत साधारण फ्रेमच्या लाकडाएवढी. चूक माझीच, आधी बजावायला हवं होतं. शिवाय भिंतीवर उजेड लागतो, म्हणून ती फ्रेम अंधाऱ्या जिन्यात टांगलीय. तिथेही ती कोणी बघत नाही.

प्रोग्रॅमचं असं नाही. मेलिनेक्सच्या पारदर्शक पाकिटात घालायचा (साध्या पीव्हीसीच्या पाकिटात नको, ते कालांतराने कागदाला चिकटतं), चपलांच्या खोक्यात उभा ठेवायचा, आणि रविवारी दुपारी खुर्चीत बसून काढायचा. पानं उलटायची. मॅटिनीला चहाचा ट्रे जागेवर मिळेल, सिगारेटी अब्दुल्ला कंपनीच्या, युद्धकाळातला असेल तर हवाई हल्ल्याचा इशारा मिळाल्यास प्रेक्षकांना कळवण्यात येईल, ही सूचना. आणि कधी कधी आतून एक चिटोरं पडतं: आजच्या प्रयोगात अमुक भूमिका तमुक करतील. मोठा नट आजारी, बदली नटाची ती एक रात्र. हे चिटोरं बहुतेकांनी घरी जाताना टाकून दिलेलं असतं, म्हणून ते सापडलं की मला नुसत्या प्रोग्रॅमपेक्षा जास्त आनंद होतो.

प्लेबिलवाल्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. ज्यांच्याकडे आर्किटेक्ट वापरतात तसं रुंद सपाट खणांचं कपाट आहे, घरात लहान मुलं नाहीत आणि मुद्रणकलेत रस आहे, त्यांनी माझं ऐकू नये. देखणेपणात प्रोग्रॅम प्लेबिलाच्या जवळपासही येत नाही. पण केवळ वाचायचीच असतील तर ब्रिटिश लायब्ररीकडे प्लेबिलांचा प्रचंड संग्रह आहे, आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे गॅब्रिएल एन्थोव्हेन बाईंनी १९२४ मध्ये दिलेला खजिना आहे. खोकं पलंगाखाली ठेवून माझ्याकडून त्यात काही भर पडली असं वाटत नाही.

खरेदीबद्दल थोडक्यात: चेरिंग क्रॉस रोडला लागून असलेल्या सेसिल कोर्टच्या गल्लीत एकदा जाऊन नजर तयार करून घ्या, मग गावोगावच्या चॅरिटी शॉपमधली खोकी उपसा. दोन-तीन पौंडांत प्रोग्रॅमचा गठ्ठा मला बरेचदा मिळाला आहे. सह्यांच्या मागे सुरुवातीला लागू नका, छापील सही खरी समजून घेण्यात मी एकदा हात पोळून घेतलाय. आणि घेण्याआधी वास घ्या. दमट वास घरी आणला की तो शेजारच्या सगळ्या प्रोग्रॅमना लागतो.

गेल्या महिन्यात मी सहा प्लेबिलं विकली. १८४३ चं ठेवलंय. आलेल्या पैशांतून एका छोट्या गावातल्या रेपर्टरी थिएटरचे, दर आठवड्याला नवं नाटक करणाऱ्यांचे, चाळीसेक प्रोग्रॅम घेतले. ते जमवणाऱ्या मूळ मालकिणीने प्रत्येकावर पेन्सिलीने शेरा लिहून ठेवलाय. एकावर आहे: "तिसरा अंक पाहिला नाही. शेवटची बस दहा वीसला."