१० पटीचं घडीचं भिंग: दहावीच्या फुलाच्या धड्याला हे घ्याच

भाची यंदा दहावीला, विज्ञान भाग २ मधे वनस्पतींचं प्रजनन आहे, म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटला लॅबचं सामान मिळतं तिथल्या एका दुकानातून हे भिंग आणलं, सोनार वापरतात तसलं, ३०० च्या आसपास पडलं. तिथे फुलाचं प्लॅस्टिकचं मॉडेल पण होतं, सुटे भाग निघतात वगैरे, पण ते बरंच महाग आणि खरं सांगते, काही गरज नाहीये त्याची. लाल जास्वंद, एक ब्लेड, एक सुई आणि हे भिंग, बास झालं.

जास्वंद मात्र एकेरी, पाच पाकळ्यांचीच घ्या. डबलमधे पुंकेसरांच्याच (परागकण तयार करणारे नर भाग) पाकळ्या झालेल्या असतात, मुलं गोंधळतात. आणि भिंग फुलावर धरायचं नाही, डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि फूल जवळ आणत जायचं, साधारण अडीच सेंमीवर एकदम लख्ख दिसतं. (मुलांना सूर्याकडे बघू देऊ नका प्लीज.)

पुस्तकातल्या आकृतीत पुंकेसर सुटे सुटे काढलेले असतात, जास्वंदीत ते सगळे जोडून एक नळी झालेली असते आणि त्या नळीच्या आतून कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीभागाची दांडी, वर येतो. सुईने नळी अलगद उभी चिरली की आतला पांढुरका दोरा दिसतो, तोच तो. टोकाला पाच लाल मखमली ठिपके म्हणजे कुक्षी, परागकण येऊन चिकटतात ती जागा, भिंगातून त्यांच्यावरची लव दिसते आणि त्यात अडकलेले पिवळे परागकण एकेक मोजता येतात इतके मोठे असतात. भाची ते बघून पाच मिनिटं बोललीच नाही! मग खाली हिरव्या निदलपुंजाच्या (पाकळ्यांखालची हिरवी वाटी) आत अंडाशय, तो आडवा कापला की पाच कप्पे आणि त्यात बारीक पांढरी बीजांडं, ज्यांच्या पुढे बिया होतात ती. भेंडी आडवी चिरल्यावर दिसतात ते पण हेच कप्पे, दोघी एकाच कुळातल्या. आपल्याकडच्या बागेतल्या जास्वंदीला सहसा फळ धरत नाही, फांदी लावूनच वाढवतो आपण, त्यामुळे अंडाशयाचं फळ होताना बघायचं तर कुंडीत भेंडी लावा, फूल गळलं की तिथेच भेंडी वाढताना दिसते.

दादरच्या फूल मंडईतून झेंडू आणलात तर तोही सोडू नका. झेंडू हे एक फूल नाहीच, अख्खा गुच्छ आहे, पाकळी म्हणून जी उपटतो ती स्वतंत्र फूल असते, तिच्या बुडाशी अंडाशय असतो आणि त्याचंच पुढे ते काळं काडीसारखं बी होतं. नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही, भिंगातून लगेच पटतं.

तक्रारी दोन. डबीवर ३० पट छापलंय, आहे १० पटीचंच, पण या कामाला १० पटच बरं, जास्त पटीला नजरेत फार थोडा भाग येतो आणि हात हलला की सगळं पळतं. दुसरं, घडीचा स्क्रू ढिला होतो, चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने आवळावा लागला. कुक्षीपासून बीजांडापर्यंत जाणारी परागकणाची नळी, म्हणजे परागनलिका, यात दिसणार नाही, बीजांडात होणारं दुहेरी फलन म्हणजे द्विफलन तर नाहीच, त्याला मायक्रोस्कोप लागतो, तेवढं शाळेत बघायला मिळालं तर उत्तम.

५ पैकी ४.५, अर्धा स्टार त्या डबीवरच्या खोट्या आकड्याचा कापला.