फोर्कलिफ्टचं दोन दिवसांचं ट्रेनिंग: पैसे कुठे वसूल झाले

भिवंडीत पूर्णा भागातल्या एका गोडाऊनला मी नऊ वर्षं सुपरवायझर आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतल्या एका माथाडी कामगाराचा पाय फोर्कलिफ्टच्या मागच्या चाकाखाली सापडला. गाडी रिकामी होती, माणूस चालतो तेवढ्याच वेगात होती. पायात सेफ्टी शूजही होते. पण त्यातली पोलादी टोपी फक्त बोटं झाकते आणि दाबाची चाचणी होते ती साधारण दीड टनापर्यंत. आमची तीन टनी गाडी स्वतःच चार टनांच्या वर भरते, त्यातलं निम्म्याहून जास्त वजन रिकामी असताना मागच्या चाकांवर असतं. तीन महिने तो घरी बसला. तेव्हापासून मी मालकांच्या मागे लागून हे ट्रेनिंग करून घेतलं. माणशी २,५०० रुपये पडले.

पहिली सकाळ वाया गेली. स्लाइड सगळ्या इंग्रजीत, ऑपरेटर नुसते बघत बसले.

दुपारी ट्रेनर आमच्याच गाडीपाशी आला. गल्लीच्या तोंडाशी गाडी इंच इंच वळवायला लावली, थांबवली की काउंटरवेटच्या, म्हणजे मागच्या जड लोखंडी भागाच्या, कोपऱ्याखाली खडूने खूण, पुन्हा पुढे. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, म्हणून तोंड डावीकडे गेलं की शेपूट उजवीकडे बाहेर येतं. हे आमचा प्रत्येक ऑपरेटर जाणतो. पण खुणा जोडून रेघ ओढली तेव्हा ती आणि रॅकचा पाय यांत वीतभर जागा उरली होती. अपघाताच्या दिवशी आमचा माणूस तिथेच उभा होता. कोणी काही बोललं नाही.

ट्रेनिंग फक्त ऑपरेटरांसाठी होतं. दुसऱ्या दिवशी मुकादमाला सांगून मी टोळीलाही आणलं. ट्रेनरने गाडी बंद ठेवून, समोर पुरुषभर उंच खोकी रचलेलं पॅलेट ठेवून एकेकाला सीटवर बसवलं. पलीकडे उभा असलेला आपलाच जोडीदार त्यांना दिसेना. वीस वर्षं माल उचलणारे एक काका खाली उतरून म्हणाले, "मला वाटायचं, हा मला बघतोय."

गाडी कलंडली तर उडी मारायची नाही, बेल्ट लावून स्टिअरिंग घट्ट धरायचं, हेही नीट शिकवलं. उतारावर भरलेली गाडी रिव्हर्समध्ये उतरवायचा सराव मात्र झाला नाही, तो व्हायलाच हवा होता.

घेणार असाल तर बुक करतानाच दोन गोष्टी ठरवून घ्या: बोलणं मराठी-हिंदीत आणि टोळीला बसायला जागा. खडूच्या रेघेवर आम्ही त्याच संध्याकाळी पिवळा रंग मारला.