काट्या-चमच्यांना जोडीचा डाव: तुळशीबाग आणि बोहरी आळीतली खरेदी

घरात साधा, बिननक्षीचा, आरशासारखं पॉलिश असलेला काट्या-चमच्यांचा सेट आहे आणि त्याच्या जोडीला शोभेल असा डाव, भातवाढी, कोशिंबिरीचे चमचे हवे आहेत, तर पुण्यात दोन वाटा आहेत. एक मॉलमधलं कटलरीचं काउंटर, दुसरी तुळशीबाग आणि तिथून चालत जाण्याइतकी जवळची रविवार पेठेतली बोहरी आळी. या कामापुरता कौल भांडीबाजाराच्या बाजूने. मात्र घरचा एक चमचा पिशवीत असल्याशिवाय तिकडे फिरकू नये. मोबाइलमधल्या फोटोवरून स्टील जुळत नाही.

काउंटरवरचा माल वाईट नसतो, तो आपल्या पानाचा नसतो. ‘सर्व्हिंग सेट’मध्ये मोठा चमचा, भोकांचा चमचा, सूपचा डाव आणि एक भलामोठा काटा येतो. तो काटा मराठी घरात बहुधा खणातच राहतो. चटणी, लोणचं, तूप यांसाठी त्यात काहीच नसतं. तुमचंच डिझाइन अजून निघत असेल आणि नग सुटे मिळत असतील, तर मोठा चमचा आणि डाव एवढेच घ्यावेत. बाकीचं बाजारातून.

जुळवायचं काय, हे आधी ठरवा. चमच्याची वाटी भातात किंवा भाजीत बुडालेली असते, टेबलावर दिसतो तो दांडा. म्हणून आधी दांड्याच्या टोकाचा आकार पाहावा (गोल, चौकोनी की निमुळता), मग मानेची, म्हणजे दांडा वाटीला मिळतो तिथली जाडी, मग पॉलिश. वाटीचा आकार थोडा वेगळा असला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. मॅटशेजारी चकचकीत दांडा ठेवला तर मात्र लगेच खटकतो.

रंग दुकानातल्या दिव्याखाली पाहू नका. दोन्ही दांडे पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवून दाराशी, उजेडात न्या. १८/१० म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि १० टक्के निकेल. निकेलमुळे चकाकीत किंचित ऊब येते. १८/० त्यामानाने निळसर-पांढरं दिसतं. लोहचुंबक इथे अर्धंच काम करतं. १८/० ला ते घट्ट चिकटतं, ३०४ ला म्हणजे १८/८ ला चिकटत नाही. पण २०२ ग्रेडलाही ते चिकटत नाही, आणि बाजारातला स्वस्त माल बराचसा त्याच जातीचा असतो: निकेल कमी, त्याची भरपाई मँगनीजने. ‘बघा, चुंबक लागत नाही’ हा पुरावा म्हणूनच अपुरा. उलट अस्सल ३०४ चा डावसुद्धा मानेच्या वळणावर चुंबकाला थोडा ओढला जातो, कारण थंड पत्रा दाबून वाकवला की त्याची रचना बदलते. तेवढ्यावरून तो परत करू नये. दुकानदाराकडे मँगनीज ओळखायचं द्रावण आणि बॅटरी असेल, तर दांड्याच्या मागच्या बाजूला थेंब टाकून, त्याला बॅटरी लावून पाहायला सांगा. २०० च्या मालिकेवर (२०२ त्यातलंच) लाली येते. नसेल तर बिलावर ‘३०४’ लिहून मागा. लिहायला कां-कूं झाली, की काय ते कळतंच.

आता डाव, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. वाटी आणि दांडा वेगळे करून वेल्डिंगच्या टाक्याने जोडलेले डाव स्वस्त पडतात. जोडाच्या फटीत आमटीची हळद बसते, ती घासणीने निघत नाही आणि पुढे तिथेच तांबूस डाग उठतो. वाटीपासून टोकापर्यंत एकाच पत्र्यातून दाबून काढलेला नग घ्यावा. जोडाचाच घ्यायचा झाला, तर सांधा सगळीकडून भरलेला आणि घासून सपाट केलेला हवा. पोकळ दांड्याचे चमचे हातात छान जड लागतात, पण टोकाच्या शिवणीतून पाणी आत जातं. पाण्याच्या ग्लासात दांडा बुडवावा. बुडबुडे आले तर नको. मग सुती रुमाल कडेवरून फिरवायचा. धागा अडकला तर कडा नीट घासलेली नाही, आणि ती आधी पातेल्याला आणि मग बोटाला लागते.

जाडी विचारताना लक्षात ठेवा, गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड: १४ गेज साधारण २ मिमी, १८ गेज सव्वा मिमीच्या आसपास. जेवायचे चमचे जाड असतील, तर १८ गेजची भातवाढी त्यांच्याशेजारी पत्र्याच्या खेळण्यासारखी दिसते, शिवाय गार, घट्ट भातात मानेशी वाकते. अंगठ्याने मान दाबून पाहायला दुकानदार हरकत घेत नाहीत.

मापं घरूनच घेऊन जावीत. वाढायच्या भांड्यात चमचा तिरका ठेवल्यावर दांडा काठाबाहेर चार बोटं तरी उरायला हवा, नाहीतर तो आत घसरतो आणि आमटीत हात घालावा लागतो. डाव ७०-८० मिलिचा असेल, तर दोन डावांत १५० मिलिची वाटी भरते. त्याहून मोठा डाव वाटीबाहेर सांडतो. चटणीसाठी चहाचा चमचा जड पडतो: लांब दांड्याच्या वजनाने छोटी वाटी कलंडते. तिथे १०-११ सेंमीचा हलका चमचा हवा, आणि तो सेटशी तंतोतंत जुळला नाही तरी चालेल.

एक गोष्ट बहुतेकांना घरी आल्यावर खुपते, नवा नग जुन्यापेक्षा जास्त चमकतो. जुन्या चमच्यांवर घासणीच्या बारीक रेघा पडलेल्या असतात. रोजच्या वापराने नवा आपोआप त्यांच्या रांगेत येतो. घाई असेल तर जुन्यांना बफिंग, म्हणजे यंत्रावर पुन्हा पॉलिश करून घ्यावं. तारेची घासणी मात्र कशालाच नको, तिचे लोखंडी कण अडकून गंजतात आणि बोल स्टीलला लागतो. मिठाच्या किंवा लोणच्याच्या बरणीत तर ३०४ चा चमचाही कायमचा ठेवू नये, बारीक खड्डे पडतात.

‘नाव घालायचं का?’ असं विचारलं जाईल. घरी सेटशेजारी ठेवून पाहीपर्यंत नको म्हणा, नाव घातलेला नग परत घेत नाहीत. नंतर घालायचं तर दांड्याच्या मागे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत आणि रविवारी संध्याकाळी या गल्ल्यांत पाकीट उघडून दाखवायलाही कोणाला सवड नसते. मधल्या वारी दुकानं उघडल्या उघडल्या गेलात, तर चार डाव काढून निवांत जुळवून देतात.