ग्राउंड पॉड रिव्ह्यू: बदकांचे फोटो काढत असाल तर नवीन लेन्सच्या आधी हे बघा

ग्राउंड पॉड म्हणजे कॅमेरा जमिनीलगत ठेवायचा स्टँड, आणि दिसायला हा प्रकार अगदीच किरकोळ आहे. कडा वर वळवलेली जाड प्लास्टिकची थाळी, मधोमध ३/८ इंचाचा स्क्रू, त्यावर बॉल हेड (कॅमेरा हवा तसा वळवता येणारा गोल सांधा) किंवा गिंबल (जड लेन्स तोलून धरणारा झुलता स्टँड) बसवायचं, वर लेन्स, आणि आपण काठावर पोटावर पालथे. संपलं. कडा वळलेल्या असल्यामुळे चिखलात-वाळूत रुतत नाही, हाताने पुढे ढकलली की लेन्ससकट सरकते. पण पाण्यावरच्या पक्ष्यांच्या फोटोत जेवढा फरक या थाळीने पडतो तेवढा माझ्या बॅगेतल्या दुसऱ्या कुठल्याच ॲक्सेसरीने पडलेला नाही, आणि कॉम्पोझिशन, फोकस, कलर तिन्हीत पडतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कॉम्पोझिशनचं सोपं आहे. उभं राहून किंवा उंच ट्रायपॉडवरून काढलं की बदकाच्या मागे लगेच पाणीच येतं, तेही त्याच्यापासून दोन-चार फुटांवरचं, त्यामुळे ते नीट ब्लर होत नाही आणि प्रत्येक लाट, प्रत्येक तरंगणारी काडी दिसते. कॅमेरा पाण्याच्या लेव्हलला आणला की मागे येतो तो थेट पलीकडचा काठ, आणि तो इतका लांब असतो की तीच लेन्स, तोच अपर्चर (लेन्सचं छिद्र, म्हणजे एफचा आकडा), पण बॅकग्राउंड लोण्यासारखं मऊ. पुढचं पाणीही ब्लर होतं. शिवाय बदकाच्या नजरेला नजर मिळते ते वेगळंच. फक्त दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक म्हणजे होरायझन, कारण पाण्याची रेघ एक डिग्री तिरकी असली तरी डोळ्यात खुपते, कॅमेऱ्यातली लेव्हल ऑन ठेवाच. दुसरं प्रतिबिंब, ते घ्यायचं तर पूर्ण घ्या, खाली जागा सोडा, मानेपाशी कापलेलं प्रतिबिंब बघवत नाही.

फोकसमध्ये मात्र मामला थोडा किचकट आहे आणि इथेच बरेच जण थाळी घेऊन वैतागतात. ६०० एमएमला एफ ६.३ वर दहा मीटरवरच्या पक्ष्यात फुल फ्रेमवर जेमतेम १० सेंटीमीटर भाग शार्प येतो, आणि हळदी-कुंकू बदक चोचीपासून शेपटीपर्यंत चांगलं अर्धा मीटरहून लांब असतं, म्हणजे ते तुमच्याकडे तोंड करून पोहत असेल तर डोळा शार्प आणि शेपूट गेलेलीच, त्यात वाईट काही नाही, पण पूर्ण पक्षी शार्प हवा असेल तर तो आडवा व्हायची वाट बघा आणि एफ ८ वर जा. वाइड एरिया ऑटोफोकस इथे दगा देतो, कारण खालून बघताना लेन्स आणि पक्ष्याच्या मध्ये गवत, लाटा, शेवाळ सगळं येतं आणि कॅमेरा तेच पकडतो. छोटा झोन किंवा सिंगल पॉइंट, कंटिन्युअस मोड (हलत्या पक्ष्यावर सतत फोकस ठेवणारा), आणि लेन्सवर लिमिटर (फोकसचं अंतर मर्यादित ठेवणारा स्विच) असेल तर जवळची रेंज बंद. आय डिटेक्शन (कॅमेऱ्याने स्वतःच डोळा ओळखणं) असलं तर भारीच, पण पाणी अगदी शांत असताना ते कधीकधी प्रतिबिंबातल्या डोळ्यावर उडी मारतं, तेव्हा झोन वर सरकवायचा. टिबुकलीसाठी वेगळा सल्ला नाही, ती बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते, नशीब म्हणायचं.

आता कलर. याचा आणि थाळीचा काय संबंध असं वाटेल, पण सगळ्यात जास्त संबंध इथेच आहे. वरून बघितलं की पाण्याच्या आतला मळकट रंग दिसतो. नजर जेवढी तिरकी तेवढं पाणी जास्त उजेड परावर्तित करतं, त्यामुळे खालून बघताना पाण्याला समोरच्या काठाचा रंग येतो, झाडी असेल तर हिरवा, वाळलेलं गवत आणि सकाळचं ऊन असेल तर सोनेरी. म्हणजे चार पावलं डावीकडे सरकून पाण्याचा रंग बदलता येतो, एडिटिंगमध्ये हे जमत नाही. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावून चकाकी घालवू असं कोणी म्हणालं तर सोडून द्या, तो पाण्याशी साधारण ३७ डिग्रीच्या कोनात सगळ्यात चांगला चालतो, इतक्या खालून त्याचा फारसा उपयोग नाही आणि वर एक-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). थापट्या बदकाच्या नराचं हिरवं डोकं हा अजून एक प्रकार, तो चमकता हिरवा रंग पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसतो, म्हणून सूर्य तुमच्या पाठीशी हवा, कोन चुकला की तेच डोकं काळं पडतं आणि मग सॅच्युरेशन कितीही वाढवा, काही येत नाही. एक्सपोजरमध्ये (फोटो किती उजळ येणार ते) पांढरा पक्षी गडद पाण्यावर असेल तर मायनस, काळा चांदवा उजळ पाण्यावर असेल तर प्लस, पण त्याची ती पांढरी चोच जळत (पार पांढरीफटक होत) नाहीये ना ते हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, बघत.

आता तक्रारी, आणि त्या आहेत. ऊन वाढलं की पाण्यालगतची हवा थरथरायला लागते आणि इतक्या खालून ती जास्तच नडते, सगळे फोटो सॉफ्ट येतात आणि आपण उगाच लेन्सला शिव्या देतो. तेव्हा सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशीच मजा. फ्लिप स्क्रीन नसेल तर मान धरते, व्ह्यूफाइंडरला डोळा लावून असं फार वेळ पडून राहणं माणसाचं काम नाही. काठ उंच असेल किंवा पाणवनस्पती दाट असतील तर थाळीचा शून्य उपयोग, तिथे ट्रायपॉडच बरा. बीनबॅगशी (लेन्स टेकवायच्या दाणे भरलेल्या पिशवीशी) तुलना करायची तर ती स्वस्तात पडते, पण ओल्या चिखलात पाणी पिते आणि पक्ष्यामागे वळवताना अडते.

थाळीचा एक फायदा लोक विसरतात, आपण जमिनीला चिकटून सरकतो त्यामुळे पक्षी कमी बिचकतात. तरी बदकांनी खाणं थांबवून माना उंच केल्या की तिथेच थांबा, पुढे गेलात तर थवा उडणार. आणि घरट्याच्या आसपास हे प्रयोग नकोत.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक स्टार मान आणि कपडे धुण्याचा. घेताना मधला स्क्रू धातूचा आहे ना आणि बूड जाड आहे ना एवढं बघा, दोन-अडीच किलोची लेन्स वर बसली की पातळ थाळी वाकते. बॉल हेडवर जड लेन्स एका बाजूला कलंडते, त्यामुळे जमलं तर गिंबलच लावा, कॅमेरा थोडा वर जातो पण उडणारं बदक फ्रेममध्ये ठेवता येतं.